संगणकाची वाढीव गती : सामर्थ्य आणि हमी

प्रक्रियकावर छापलेला गतीचा आकडा ही त्याच्या सामर्थ्याची सीमा नसून निर्मात्याने दिलेल्या हमीची सीमा होय. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटी या संगणकात हा भेद स्पष्ट दिसून आला. त्यातील १२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकामुळे प्रक्रियक ६ मेगाहर्ट्झ गतीने चाले. त्याजागी १६ चा स्फटिक बसविला की गती ८ होई. पुढे कंपनीने गती तपासणारी व्यवस्था यंत्रातच घालून हा मार्ग रोखला.

१९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याचा गुणक ४.५ असा कायम होता; बसची गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चे ४५० मेगाहर्ट्झ होत. अबिट बीएच६ या मदरबोर्डवर हा फेरफार हत्यारांवाचून, केवळ कळफलकावरून करता येई.

तथापि गतीच्या प्रमाणात उष्णता वाढते, आणि व्होल्टेजच्या तर वर्गाच्या प्रमाणात. म्हणून नवशिक्याने प्रथम मूळ गतीवरील तापमान नोंदवावे, व्होल्टेज न बदलता गती थोडथोडी वाढवावी, व प्रत्येक पायरीवर काही तास पूर्ण भार देऊन पारख करावी. मर्सेन अविभाज्य संख्यांच्या शोधार्थ १९९६ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमातील प्राइम९५ ही आज्ञावली या पारखीसाठी रूढ झाली, कारण ती प्रत्येक उत्तर ज्ञात उत्तराशी ताडून पाहते.

यंत्र बंद पडले तर ते कळते. चालू यंत्राने दिलेले चुकीचे उत्तर कळत नाही. संशोधकाच्या दृष्टीने खरा धोका हाच होय.