शाळेच्या तंबोऱ्याची तबली

आपल्या शाळेचा तंबोरा मिरजेचा, एवढे सगळ्यांना माहीत होते. त्याचा भोपळा मात्र बहुधा आपल्याच जिल्ह्यातला, हे मला यंदा कळले. मिरजेचे कारागीर भोपळे नेतात ते पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर या भीमाकाठच्या भागातून. हा भाजीचा भोपळा नव्हे; कडू, जाड सालीचा. पिकल्यावर तो कित्येक महिने वाळवावा लागतो.

मिरजेत हे काम सुरू केले ते हत्यारे घडवणाऱ्या शिकलगारांनी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तलवारींना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तंतुवाद्यांकडे वळले. पुढे घराण्याचे आडनावच सतारमेकर झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

मेळाव्यासाठी गवसणी काढली तेव्हा आपला तंबोरा वाजत होता, पण आवाज बसलेला. दोष तबलीत होता. भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली ही पातळ लाकडी फळी. तारांचे कंपन घोडीतून तिच्यात उतरते आणि तीच हवा हलवते. ती मुद्दाम किंचित फुगीर ठेवतात, कारण तारांचा दाब घोडीवाटे तिच्यावरच येतो. जुना पियानो दुरुस्त करणारेही साउंडबोर्डचा असाच फुगवटा आधी तपासतात. मोठ्या पियानोत तारांचा एकूण ताण २० टनांच्या आसपास असतो, पण तो पेलायला लोखंडी चौकट असते. तंबोऱ्याला कसली चौकट!

मिरजेच्या कारागिरांनी तारा उतरवल्या आणि तबलीवर सरळ पट्टी आडवी धरली. फुगवटा शाबूत असता तर पट्टी मध्ये टेकली असती. इथे मध्येच फट दिसली. मग ते कडेकडेने बोटाने ठोकत गेले. एके ठिकाणी आवाज फाटका आला, तिथे सांधा सुटला होता. घोडीजवळ केसाएवढी चीर. "ताई, नवी तबली घाला, पुन्हा बघायला नको," ते म्हणाले.

ग्रुपवर दोन दिवस वाद झाला, आठवत असेलच. नवी तबली मजबूत, पण मग आवाजही नवा. माझ्या धंद्यात जुने काढून नवे बसवणे हाच सोपा उपाय समजतात, तरी मी जुनीच्या बाजूने होते. बाईंनी ज्या आवाजावर आपला सा लावून घेतला, तो त्या लाकडाचा होता. बाईंना फोन केला. त्यांनी एकच विचारले, "चीर घोडीच्या पुढे गेलीय का?" नव्हती गेली.

तबली उघडून चिरेखाली आतून लाकडी ठिगळ बसवले, सांधा नव्याने चिकटवला, घोडी घासून जवारी काढली. पूर्वीचा फुगवटा पूर्ण आलेला नाही, येणारही नाही. म्हणून कारागिरांनी बजावले आहे: पट्टी चढी ठेवायची नाही, वाजवून झाले की तारा सैल करायच्या, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तंबोरा पत्र्याच्या खोलीत ठेवायचा नाही. सध्या तो ग्रंथालयातल्या कपाटाशेजारी उभा आहे. किल्ली संगीताच्या सरांकडे असते.