निर्माता गेल्यानंतरची मोटार : फियाट पालियो १.६ आणि दुरुस्तीचा इतिहास

१

भारतातील मोटार-उद्योगाचा इतिहास आजवर प्रामुख्याने उत्पादनाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणता कारखाना केव्हा उभा राहिला, कोणत्या परदेशी कंपनीशी करार झाला, कोणते वाहन कोणत्या वर्षी बाजारात आले आणि केव्हा बंद झाले, अशा नोंदींची ती मालिका असते. परंतु मोटार ही वस्तू कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यानंतर पंधरा-वीस वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ जगते. या दीर्घ आयुष्याची जबाबदारी मालक, मिस्त्री आणि सुटे भाग विकणारा दुकानदार यांच्यावर असते. डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराने २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या अंगाने न पाहता वापराच्या व देखभालीच्या अंगाने पाहावा, असे प्रतिपादन केले. ही दृष्टी भारतीय मोटारीला लावून पाहिली असता काही वेगळेच प्रश्न पुढे येतात.

प्रस्तुत निबंधात त्यासाठी फियाट पालियोच्या १.६ लिटर क्षमतेच्या आवृत्तीचा विचार केला आहे. आपल्याकडे ज्यांना ‘स्पोर्टी हॅचबॅक’ म्हटले गेले, अशा आरंभीच्या गाड्यांपैकी ही एक होय. तिचे उत्पादन कधीच थांबले, तिच्या निर्मात्याचे नावही भारतीय बाजारातून नाहीसे झाले. पण तिच्या काही गाड्या मात्र अद्याप टिकून आहेत. निर्माता निघून गेल्यावर यंत्र कोणाच्या आधारावर जगते, आणि त्याचे ‘वय’ कोणी व कशाने मोजावे, हे प्रश्न या गाडीच्या निमित्ताने स्पष्ट होतात.

२

फियाटचे भारताशी असलेले नाते पालियोहून बरेच जुने आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने तेथे गाड्या जोडल्या जात. १९५० च्या दशकात फियाटशी संबंध जुळला. १९६४ मध्ये आलेली फियाट ११०० हीच पुढे १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत तिचे मूळ रूप फारसे बदलले नाही.

दुरुस्तीच्या इतिहासात या न बदलण्याला मोठे महत्त्व आहे. उद्योगाच्या दृष्टीने तो साचलेपणा होता. गॅरेजच्या दृष्टीने मात्र ते वरदान ठरले. सुमारे साडेतीन दशके जवळजवळ तीच गाडी निघत राहिल्यामुळे तिचा प्रत्येक भाग देशभर मिळत असे, आणि जो मिळत नसे तो लेथवर करून घेता येत असे. कार्बुरेटर साफ करणे, पॉइंट घासून बसवणे, झडपांचे अंतर कानाने ओळखणे ही विद्या मिस्त्रीकडून हाताखालच्या पोराकडे लेखणीवाचून जात राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला या विद्येनेच तगवले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती; वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. तिला थांबवले ते नियमाने. सुट्या भागांच्या टंचाईने नव्हे.

पालियोचा जन्म याच्या नेमक्या उलट परिस्थितीत झाला. विकसनशील देशांच्या बाजारपेठांसाठी एकच ‘जागतिक मोटार’ घडवावी, या विचाराने फियाटने ‘प्रकल्प १७८’ हाती घेतला आणि १९९६ मध्ये ब्राझीलमध्ये पालियो प्रथम बाजारात आणली. भारतात ती २००१ साली, जॉर्जेत्तो जुजारो यांनी नव्याने रेखलेल्या रूपात आली. सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातींचा चेहरा होता आणि त्याच्या नावाने ‘एस १०’ ही मर्यादित आवृत्तीही निघाली. बहुसंख्य ग्राहकांसाठी १.२ लिटरचे साधे एंजिन होते. त्याच्या जोडीला ‘जीटीएक्स’ या नावाने १५९६ घनसेंटिमीटरचे, सोळा झडपांचे, सुमारे १०० अश्वशक्तीचे एंजिन असलेली गाडीही विक्रीस ठेवली गेली. त्या काळी भारतातील लहान मोटारी साठ अश्वशक्तीच्या आसपास घुटमळत होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या आवृत्तीचे वेगळेपण कळते. जड व भक्कम सांगाडा, वेगातही रस्ता न सोडणारी चाल आणि पेट्रोलची मोठी भूक ही तिची लक्षणे होती. यांपैकी शेवटच्या लक्षणामुळे ती मोजक्याच लोकांनी घेतली. उरलेल्या दोन लक्षणांमुळे त्या मोजक्यांपैकी काहींनी ती सोडली नाही.

३

गाडी जुनी होऊ लागली त्याच काळात तिच्यामागचा आधार डळमळू लागला. कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन उत्पादन पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे गेले. २००६ पासून फियाट आणि टाटा मोटर्स यांचे सहकार्य सुरू झाले. विक्री व देखभाल टाटांच्या दालनांतून होऊ लागली. २०१२-१३ च्या सुमारास हा मार्ग वेगळा झाला. दरम्यान पालियोची जागा २००९ मध्ये आलेल्या ग्रांदे पुंतोने घेतली होती. २०१५ मध्ये पुंतोचीच १४५ अश्वशक्तीची ‘अबार्थ’ आवृत्ती निघाली. पालियो जीटीएक्सची ती खरी वारसदार म्हणता येईल. २०१९ मध्ये फियाट नावाच्या मोटारींचे भारतातील उत्पादन थांबले आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांसाठी त्या पुन्हा घडवल्या गेल्या नाहीत. रांजणगावचा कारखाना चालू राहिला, परंतु २०१७ पासून तेथून बाहेर पडू लागली ती जीप कंपास.

अशा स्थितीत कोणता भाग मिळतो आणि कोणता मिळत नाही, याला एक ऐतिहासिक सूत्र आहे. फियाटचे १.३ लिटरचे डिझेल एंजिन पुंतोपुरते मर्यादित राहिले नाही. मारुती स्विफ्ट व टाटा इंडिका व्हिस्टा यांसारख्या लक्षावधी गाड्यांत ते बसले. त्यामुळे त्याचे भाग आणि त्याची नस जाणणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतो. १.२ लिटरच्या ‘फायर’ कुळातील पेट्रोल एंजिनालाही टाटांच्या गाड्यांमुळे काही प्रमाणात असाच आश्रय मिळाला. पालियो जीटीएक्सचे १.६ लिटरचे एंजिन मात्र भारतात फियाटच्याच सिएना, पेट्रा अशा थोड्या गाड्यांत वापरले गेले. अबार्थचे टर्बो एंजिन तर त्याहूनही एकाकी. म्हणजे ज्या गुणामुळे गाडी ‘विशेष’ ठरली, त्याच गुणामुळे ती पुढे पोरकी झाली. सामान्य आवृत्ती सामान्य असल्यामुळेच तगली.

४

पोरक्या गाडीची दुरुस्ती प्रत्यक्षात कशी होते, हे पाहणे उद्बोधक आहे. सस्पेन्शनचे रबरी बुश, लोअर आर्म, शॉक अब्सॉर्बर हे भाग भारतीय रस्त्यांवर सर्वांत आधी जातात. येथे मालकाला साध्या आवृत्तीशी असलेले नाते उपयोगी पडते, कारण बाह्यांगाचे व सांगाड्याचे कित्येक भाग १.२ च्या गाडीत आणि १.६ च्या गाडीत समान आहेत. परंतु क्लच, गिअरबॉक्स, एंजिनाचे माउंटिंग, हेड गॅस्केट, टायमिंग बेल्ट व त्याचे टेन्शनर येथे ही सोय संपते. टायमिंग बेल्टचा प्रश्न विशेष गंभीर असतो. सोळा झडपांच्या अनेक एंजिनांत हा पट्टा चालत्या गाडीत तुटला तर झडपा आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि काही क्षणांत संपूर्ण हेड निकामी होते. म्हणून जाणता मालक किलोमीटर मोजण्याबरोबर पट्ट्याची वर्षेही मोजतो, कारण गाडी उभी राहिली तरी रबर म्हातारे होतच असते.

भाग मिळवण्याच्या वाटा दोन. पहिली देशातील जुन्या बाजारांची : दिल्लीतील काश्मिरी गेट व मायापुरी, मुंबईत कुर्ल्याचा सी. एस. टी. रस्ता, चेन्नईतील पुदुपेट, कोलकात्यातील मल्लिक बाजार, बंगळूरमधील जे. सी. रस्ता. येथे मोडीत निघालेली एक गाडी उभ्या असलेल्या दुसऱ्या गाड्यांना जगवते. कुर्ल्यात ज्या परिसरात एकेकाळी फियाटच्या गाड्या जोडल्या जात, त्याच उपनगरात पुढे त्या सुट्या होऊन विकल्या जाव्यात, हा योग इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावा असा आहे. दुसरी वाट परदेशाची. पालियो ब्राझील, तुर्कस्तान, दक्षिण आफ्रिका अशा अनेक देशांत तयार होत होती आणि १.६ च्या कुळातील एंजिन युरोपात ब्राव्हो-ब्राव्हा या गाड्यांतही होते. ‘जागतिक मोटारी’ची कल्पना उत्पादकाने खर्च वाचवण्यासाठी मांडली होती; तिचा लाभ दोन दशकांनंतर एखादा भाग दुसऱ्या खंडातून मागवणाऱ्या मालकाला मिळतो. मात्र भागाचा क्रमांक तंतोतंत जुळवावा लागतो, आणि भागाहून त्यावरील आयात शुल्क व वाहतूक जड जाते.

याहून सूक्ष्म अडचण विद्येची आहे. पद्मिनीचे आजार कानाने व हाताने ओळखता येत. पालियोत इंधनाचे प्रमाण इलेक्ट्रॉनिक नियंत्रण-पेटी ठरवते, आणि चावीतील संकेत त्या पेटीशी जुळला नाही तर एंजिन सुरूच होत नाही. त्यामुळे चांगला मिस्त्रीही स्कॅनर व सॉफ्टवेअर यांच्यावाचून अर्धवट राहतो. ही साधने निर्मात्याच्या अधिकृत जाळ्यात असतात. जाळे विरले की तीही पांगतात. शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटारींचा समावेश केला, हे या प्रश्नाची जाण सार्वजनिक पातळीवर पोहोचल्याचे लक्षण मानता येईल. परंतु जो निर्माता वाहनाचे नावच मागे घेतो, त्याच्याकडून माहितीपुस्तिका व निदानाची साधने कोणी आणि किती काळ मागावीत, हा प्रश्न शिल्लक राहतो.

५

येथवरचा इतिहास मालकाच्या चिकाटीचा आहे. यापुढचा कायद्याचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते; त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. त्याच सुमारास पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. ज्या काळात पालियो घडली त्या काळी अशा इंधनाचा विचार नव्हता. साहजिकच इंधनवाहिन्या व रबरी वॉशर वेळेआधी बदलण्याचे काम मालकाच्या यादीत वाढले.

राजधानी परिसरात परिस्थिती अधिक कठोर आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१४ व २०१५ मधील आदेशांनी पंधरा वर्षांवरील पेट्रोल आणि दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना तेथे मज्जाव झाला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या कारणास्तव सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. परंतु त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हे संरक्षण भारत स्टेज चार व त्यापुढील वाहनांपुरते मर्यादित केले. पालियो जीटीएक्स ही त्यापूर्वीच्या मानकांची गाडी. त्यामुळे दिल्लीत ती कितीही नीट राखलेली असली तरी या संरक्षणाबाहेर राहते, आणि ‘ना हरकत’ दाखला घेऊन तिला दुसऱ्या राज्यात नेणे हाच मार्ग तिच्या मालकापुढे उरतो.

या धोरणामागील कारण खरे आहे, हे नाकारता येणार नाही. दिल्लीची हवा ही लाखो लोकांच्या फुप्फुसांची बाब आहे, आणि वीस वर्षांपूर्वीचे एंजिन आजच्या मानकांत बसत नाही. तथापि, नोंदणीचे वर्ष हे गाडीच्या प्रकृतीचे माप होऊ शकत नाही. दोन गाड्या एकाच वर्षी नोंदल्या जातात. एकीचा पट्टा, तेल आणि ऑक्सिजन सेन्सर वेळेवर बदललेला असतो, दुसरीचा कधीच नाही. कायद्याच्या कागदावर या दोघी जुळ्या बहिणी आहेत. धुराच्या तपासणीत त्या तशा असतीलच असे नाही. डिसेंबर २०२५ च्या आदेशाने वयाच्या जागी उत्सर्जन-मानक आणले, हे एक पाऊल पुढे पडले असे म्हणता येईल. पण तेही गाडी कशी घडवली गेली याचेच माप आहे. ती कशी राखली गेली, याचे माप अजून कोणत्याही नोंदवहीत नाही.

६

या विवेचनातून निष्पन्न होणारी गोष्ट एका गाडीपुरती नाही. राष्ट्रीय पातळीवर मोटारीचा जन्म आणि मृत्यू नोंदण्याची व्यवस्था आहे; मधल्या आयुष्याची नाही. पालियो १.६ ची खरी माहिती आज मालकांनी जपून ठेवलेल्या बिलांत, मिस्त्रीच्या डायरीतील भागांच्या क्रमांकांत आणि कोणता पर्यायी भाग बसतो व कोणता बसत नाही या तोंडी अनुभवात विखुरलेली आहे. ज्यांनी पद्मिनीवर काम शिकून पालियोपर्यंत मजल मारली, ती कारागिरांची पिढी आता निवृत्तीच्या वाटेवर आहे. गिरण्यांच्या इतिहासासाठी कामगारांच्या आठवणी नोंदवण्याचे काम मुंबईत झाले. गॅरेजच्या वाट्याला तसे भाग्य अद्याप आलेले नाही.

निर्माता बाजारातून निघून जातो तेव्हा तो गाडी मालकाच्या दारात ठेवून जातो आणि ज्ञान सोबत नेतो. त्यानंतर जे ज्ञान शिल्लक राहते ते वापरणाऱ्यांनी स्वतः घडवलेले असते. ते नोंदवले गेले, तर पुढे मोटारीचे वय वर्षांऐवजी प्रकृतीवरून ठरवण्याचा विचार करणाऱ्या धोरणकर्त्याला त्याचा आधार मिळेल. नोंदवले गेले नाही, तर शेवटच्या पालियोबरोबर तेही मोडीत जाईल.