कंदील गेला, चेहरा राहिला

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो परगण्यात, टर्लो पार्क येथे, तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयाचा ग्रामजीवन विभाग आहे. त्यात एक लहानसा भेसूर चेहरा पाहायला मिळतो. खोल डोळे, विचकलेले दात, सुरकुतलेली कातडी. एखादे मुंडके वाळवून ठेवले असावे, असेच प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात ती सलगमच्या कंदिलाची प्लॅस्टरमधली प्रतिकृती आहे.

मूळ कंदील डोनेगल परगण्यातल्या फिनटाउन गावच्या एका शिक्षिकेने १९४३ साली संग्रहालयाला दिला. ३१ ऑक्टोबरच्या रात्री, हॅलोवीनला, कंद पोखरून त्यावर चेहरा कोरायचा आणि आत दिवा लावायचा, अशी जुनी रीत होती. असे कंदील कैक वर्षांत कोणी केलेले नाहीत, पण ते कसे असत हे लोकांना आठवते, असे तिने सांगितले होते.

पण कंद टिकणार किती? सलगम काय, लाल भोपळा काय, दोन्हींत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच. कोरताना साल जाते आणि बुरशीला वाट मिळते. वाळवावे, तर पाण्याबरोबर चेहराही आक्रसतो. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा वर्षानुवर्षे टिकतो, कारण त्याची जाड कवटी वाळून लाकडासारखी कठीण होते. सलगमला असे कवच नाही. फिनटाउनचा कंदील मोडकळीला आला, तेव्हा संग्रहालयाने त्याची प्रतिकृती करून घेतली.

एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले. तिथे त्यांना पोखरायला सोपा, आकाराने मोठा भोपळा मिळाला. पुढे तोच या सणाची खूण ठरला आणि आज आयर्लंडमध्येही घरोघरी भोपळेच कोरले जातात.

सलगमचा कंदील टिकावा म्हणून कोणी कोरत नसे. सण सरला की तो टाकायचा, पुढल्या वर्षी नवा करायचा. कंद दरवर्षीच कुजत होता. कोरणारे हात थांबले, तेव्हा कुठे संग्रहालयाची गरज लागली. प्लॅस्टरने चेहरा राखला. पण तो चेहरा कोणत्या रात्रीचा, कशासाठी केलेला, हे प्लॅस्टर सांगत नाही. ते कळते त्या शिक्षिकेने सोबत दिलेल्या माहितीवरून. तीही जपली गेली, हे फार बरे झाले.