सवाराला न हलवणारी चाल

बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या युसूफ वडगावाभोवती नकाशावर बोट फिरवले की दख्खनच्या घोडदळाचा निम्मा इतिहास सापडतो. पूर्वेकडे उदगीर. तिथे ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले. वायव्येला गोदाकाठचे राक्षसभुवन, १० ऑगस्ट १७६३. पश्चिमेला खर्डा, मार्च १७९५. तिन्ही ठिकाणी समोर निजामच. शाहीर आणि चित्रकार या लढायांतली भरधाव घोडी रंगवतात, आणि त्यांची काही चूक नाही. पण उधळत्या टापांचा खेळ तासा-दोन तासांचा. बाकीचे महिने सवार नुसता चालत असे. उदगीरच्या विजयानंतर मार्च १७६० मध्ये परतूरहून निघालेली फौज पानिपतला पोचेपर्यंत ऑक्टोबर संपत आला होता. हजाराहून जास्त किलोमीटर, मधे उन्हाळा आणि अख्खा पावसाळा. इतके दिवस खोगिरावर बसणाऱ्याला घोडा धावतो किती याच्याइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा होता: तो चालतो कसा?

बहुतेक घोड्यांची मधल्या वेगाची चाल म्हणजे दुडकी. तिच्यात तिरक्या जोडीचे पाय, म्हणजे पुढचा उजवा आणि मागचा डावा, एकदम उचलतात. मग दुसरी जोडी. दोन जोड्यांच्या मधे घोडा क्षणभर हवेत असतो आणि सवारही त्याच्याबरोबर उडतो. घोड्याला ही चाल परवडते, माणसाच्या कमरेला नाही. काही घोड्यांना मात्र जन्मतःच वेगळी चाल असते. एका बाजूचा मागचा पाय पडतो, लगेच त्याच बाजूचा पुढचा, मग दुसऱ्या बाजूचे दोन. चार पावलांचे चार ठोके सुटे ऐकू येतात, एखादा तरी पाय सतत जमिनीवर राहतो आणि पाठ जवळजवळ स्थिर असते. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांत ही चाल आढळते, आणि महाराष्ट्राच्या घोडेबाजारात तिला रवाल म्हणतात.

घोड्याच्या चाली मोजण्याचा नाद आपल्याकडे फार जुना. अमरकोशात पाच गती दिल्या आहेत: आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित आणि प्लुत. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात घोड्यांच्या खेळावर स्वतंत्र प्रकरण आहे. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या कुशीलाच. पुढे यादवांच्या काळात सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख अंबाजोगाईत कोरले गेले. म्हणजे या मुलखाने मोठ्या फौजा तेव्हापासून पाहिल्या. घोडे मात्र बऱ्याच अंशी समुद्रापलीकडून यायचे. मार्को पोलोने ठाण्याच्या राजाची एक गंमत नोंदवली आहे: चाच्यांनी जहाजे लुटावीत, माल त्यांचा, घोडे तेवढे राजाचे! राजाला इतका निर्लज्ज करार करावासा वाटला, यावरून दख्खनमधली घोड्याची किंमत कळते.

मराठ्यांच्या काळात ही गरज देशी जनावरावर भागू लागली. भीमा-नीरेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू बुटके, काटक, मिळेल ते खाणारे. राजा बढे यांच्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’मध्ये त्याचा उल्लेख आहे आणि २०२३ मध्ये ते राज्यगीत झाल्यापासून शाळाशाळांत तो गायला जातो. एक गोष्ट मात्र स्पष्ट म्हटली पाहिजे. भीमथडीचा लौकिक काटकपणाचा आहे, मऊ चालीचा नव्हे. जुन्या गोष्टींच्या प्रेमात पडलेले लोक एकाच जनावराला सगळे गुण चिकटवतात, तसे इथे करायचे कारण नाही. सरदारांच्या पागेत काठेवाडी घोड्याला मान होता आणि त्यात चालीचा वाटा असणार. साध्या शिलेदाराला मात्र जे परवडे त्यावरच बसावे लागे. बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. तो लढाईत पडला की घरची पुंजीच बुडाली. अशा माणसाने घोडा घेताना हौस किती पाहिली असेल?

शिलेदारीची ही पद्धत पेशवाई बुडाल्यावरही या भागात टिकली, ती निजामाच्या राज्यामुळे. युसूफ वडगावच्या शेजारच्या अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. तिथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. अंमल इंग्रज अधिकाऱ्यांचा, खर्च निजामाचा. १८५३ च्या तहाने वऱ्हाड गहाण पडला तो याच फौजेच्या पगारापोटी. घोडदळाची छावणी आली की तिच्यामागे मोतद्दार, नालबंद, खोगीर शिवणारे, हरभरा आणि कडबा पुरवणारे अशी सगळी वस्ती येते. आसपासच्या खेड्यांना गिऱ्हाईक मिळते. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळून टाकली गेली. तिच्यातून घडलेल्या २० व्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, मशीनगनच्या काळात घोड्यावरून चढाई केली. १९६५ च्या भारत-पाक युद्धात असल उत्तरच्या लढाईत त्याच रेजिमेंटकडे शर्मन रणगाडे होते.

चालीचे पुढे काय झाले ते युरोपच्या इतिहासातून नीट समजते. मध्ययुगात तिथले सरदार, पाद्री आणि बायका प्रवासाला मऊ चालीचाच घोडा घेत. तो नसेल तर एका बाजूचे दोन पाय दोरीने जोडून ती चाल शिकवत. सतराव्या शतकापासून रस्ते सुधारले, बग्ग्या आल्या. गाडी ओढायला दुडकीचा घोडा बरा, आणि गाडीत बसलेल्याला घोड्याची पाठ कशी हलते याच्याशी देणेघेणे नसते. मऊ चालीचे घोडे उरले ते चाकांना उशिरा रस्ता मिळालेल्या प्रदेशांत: आइसलँडमध्ये, पेरूत, ब्राझीलच्या मळ्यांवर, अमेरिकेच्या टेनेसीत. आइसलँडचे लोक आजही हातात भरलेला बिअरचा पेला धरून घोडा पळवण्याची शर्यत लावतात; सांडेल तो हरला.

२०१२ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी या चालीमागचा एक जनुकीय बदल शोधला. डीएमआरटी३ नावाच्या जनुकातला हा बदल मज्जारज्जूतल्या पाय हलवणाऱ्या पेशींचा मेळ बदलतो. २०१६ मध्ये जुन्या हाडांच्या तपासणीतून निष्कर्ष निघाला की हा बदल नवव्या शतकाच्या सुमारास इंग्लंडमध्ये उगवला असावा आणि व्हायकिंगांनी तो आइसलँडला नेला. जगातल्या सगळ्याच मऊ चालींचे मूळ एवढ्या एका जनुकात सापडते असे मात्र नाही.

बीड जिल्ह्याला चाकांची घाई कधीच लाभली नाही. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि पुढे लातूरला गेली ती शेजारच्या जिल्ह्यांतून; बीड शहरात आगगाडी पोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. पण रेल्वे नसली तरी एसटी आली, मग मोटारसायकल, आणि प्रवासाचा घोडा संपला. उरले ते बाजार. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास घोडे, गाढवे, उंट विकायला येतात. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीचा घोडेबाजार भरतो, तिथे मारवाड-काठेवाडचा माल उतरतो. गिऱ्हाईक उंची बघते, पांढरा नुकरा की तांबूस कुमैत ते बघते, अंगावरचे भोवरे तपासते, गळ्यावर शुभ मानला जाणारा भोवरा, म्हणजे देवमण, आहे का विचारते. मग हलगीवर नाचवून घेते, कारण बहुतेकांना घोडा वरातीला किंवा मिरवायला हवा असतो. रवालीचे शौकीन थोडे. ते गर्दीपासून लांब, मोकळ्या वाटेवर जनावर काढायला सांगतात आणि लगाम ढिला सोडून स्वतः बसून बघतात.

भीमथडीला अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदवले. ती टिकवण्याचे श्रेय धनगरांचे. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगरकडचे मेंढपाळ पावसाळा सरला की कळपासह निघतात, तेव्हा तट्टावर जाळी, भांडी, कोकरे आणि कोंबड्या लादलेल्या असतात. धनगर स्वतः पायीच चालतो.