फाविन्यानाचा रईस

1885 सालच्या मे महिन्याची अखेर. फाविन्याना बेटाच्या धक्क्यावर अजून उजाडायचं आहे आणि तुम्ही डांबर फासलेल्या लांबलचक काळ्या होडीत चढता. काल त्रापानीहून येताना मिठागरं आणि त्यांच्या पवनचक्क्या मागे टाकल्या. समोर सिसिलीच्या पश्चिम टोकाजवळची एगादी बेटं; फाविन्याना त्यांतलंच एक. याच पाण्यात इ.स.पू. 241 मध्ये रोमने कार्थेजच्या आरमाराचा निकाल लावला, पण आज होडीत त्याचं नावही कुणी काढत नाही. सगळ्यांचे डोळे रईसकडे.

रईस म्हणजे इथला तांडेल. वारा, प्रवाह, पाण्याचा रंग पाहून जाळं कधी उचलायचं ते तोच ठरवतो आणि त्याच्या शब्दापुढे मालकाचंही चालत नाही. अंडी घालायला भूमध्य समुद्रात शिरणारा ब्लूफिन टूना, आपल्याकडच्या कुप्याचा दांडगा भाऊबंद, दर वसंतात या बेटांजवळून जातो. त्याच्या वाटेत नांगर टाकून जाळ्याची आडवी भिंत उभी केलेली असते. भिंतीला वळसा घालायला गेलेला मासा एकामागून एक दालनांत शिरतो. फक्त शेवटच्या दालनाला तळ आहे, तोही जाळ्याचाच. त्याचं नाव मृत्यूचं दालन.

होड्या त्याच्याभोवती चौकोन धरतात. मधल्या लहान होडीतून रईस हात उचलतो. एक जण गाणं उचलतो, बाकीचे झिलकरी होतात, आणि ठेक्यावर ओलं, जड जाळं हात-हात वर येतं. तुम्हीही दोर धरा. गाण्याशिवाय इतके हात एका दमात ओढूच शकत नाहीत, हे तळवे सोलल्यावर कळतं. मग पाणी उकळू लागतं. दोन-दोनशे किलोंची धुडं शेपट्या आपटतात, आकड्यांनी ओढून होडीत घेतली जातात, पाणी लाल होतं. ही कत्तलच आहे. पण मासा आपल्या वाटेने येईपर्यंत थांबणारी, त्याचा पाठलाग न करणारी. मला तिच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठीच.

धक्क्यावर इग्नात्सिओ फ्लोरिओंचा कारखाना. 1874 मध्ये त्यांनी ही बेटंच विकत घेतली; बांधकाम वास्तुविशारद दामियानी आल्मेइदांचं. आत मासा कापतात, उकडतात, ऑलिव्ह तेलात डब्यांत भरतात. गाभोळी खारवून सुकवतात. काही वाया जात नाही.

आता 2007 मध्ये या. या बेटावरची अशी शेवटची मासेमारी. दूर समुद्रात यांत्रिक जहाजं टूनाचे थवेच्या थवे घेरू लागली, आणि किनाऱ्यालगत वाट पाहणाऱ्या जाळ्यापर्यंत मासा पोहोचेनासा झाला. फ्लोरिओंचा कारखाना आज संग्रहालय आहे. तिथे गेलात तर भट्ट्या पाहाच, पण जाळ्याच्या दालनांपुढे जास्त वेळ थांबा.