आभाळ उघडं, कँटीन बंद

आधी हात धुऊन घ्या. हो, काळयंत्रात बसायच्या आधीच. आपण २०२०च्या मे महिन्यात निघालो आहोत आणि तिकडे या बाबतीत कुणी चेष्टा खपवून घेत नाही. पाण्याची बाटली घ्या, डबा घ्या, स्वतःचं पेन घ्या. पोटाचं-बिटाचं जे काय असेल ते इथेच उरकून घ्या. का, ते तिथे पोचल्यावर कळेल.

दार उघडलं की आधी नाकाला कळतं. हॉथॉर्नची कुंपणं पांढऱ्या बहराने वाकली आहेत, त्यांचा गोडसर, किंचित कुबट वास. काल कापलेल्या गवताचा वास. मधूनच वारा फिरला की पेट्रोलचा. येतोय ना सगळा? मग बरं आहे. वास जाणं हे कोविडचं लक्षण असल्याचं इथल्या सरकारने याच महिन्यात जाहीर केलंय, त्यामुळे सकाळी उठून कॉफीचा डबा हुंगणारी माणसं घरोघरी आहेत.

आपण इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेटमधल्या एका टेकडीच्या माथ्यावर उतरलोय. विमानतळ म्हटल्यावर डोळ्यांसमोर सांताक्रूझ आलं असेल तर ते पुसून टाका. इथे आहे एक लांबट कुरण, एक भोक पडलेला विंडसॉक, पत्र्याचे दोन हँगर आणि एक लाकडी कँटीन. मैदानाचं नाव मुद्दाम सांगत नाही. अशी गवताळ मैदानं देशभर विखुरलेली आहेत आणि या आठवड्यात सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चाललंय: मार्चच्या शेवटी खिळलेली हौशी विमानं पुन्हा उडवायला इंग्लंडमध्ये परवानगी मिळालीय. फक्त इंग्लंडमध्ये. नकाशावर सेव्हर्नच्या पलीकडे दिसतं ते वेल्स अजून घरातच बसलंय, तिकडे उतरायचं नाही.

काळयंत्राच्या कृपेने आज तुमच्या खिशात वैमानिकाचा परवाना आहे आणि पाईपर वॉरियर नावाच्या चार आसनी विमानात एक षष्ठांश वाटा. सहा जणांत मिळून विमान घेणं ही इथली जुनी रीत. आपल्याकडे एकेकाळी वाड्यात एक टीव्ही असायचा तसं. पहिल्या दिवशी कुणी उडवायचं यावर व्हॉट्सॲपवर चार दिवस काथ्याकूट झाला, शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि तुमची निघाली. बाकीचे पाच अभिनंदन करतात, पण ते अभिनंदन कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

ऊन चटका देतंय. इंग्लंडचं ऊन म्हणून हसू नका, टोपी घाला. या माणसांचं दुःख समजून घ्यायचं तर हे ऊन समजून घ्यायला हवं. फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये इतका पाऊस झाला की तसा फेब्रुवारी नोंदींमध्ये नाही. मैदानं चिखलाने बंद. मार्चमध्ये जमीन जरा वाळली, चाकं रुतेनाशी झाली, आणि नेमकी टाळेबंदी. मग जे निरभ्र निळं आभाळ सुरू झालं ते आठवडेच्या आठवडे. हा मे महिना तर पुढे ब्रिटनच्या नोंदींतला सर्वांत उन्हाचा महिना ठरणार आहे. वैमानिकांनी हे सगळं परसातल्या खुर्चीवर बसून मान वर करून पाहिलंय. आभाळात एकही पांढरी रेघ नाही, ढग नाही, वारा सौम्य. आणि विमानाची किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. उपासाच्या दिवशी शेजारी पुरणपोळ्या लाटत असावेत, तसं.

आता माणसं पाहा. आधी केसच दिसतील. न्हाव्यांची दुकानं अजून बंद आहेत. काहींचे केस मानेवर रुळतायत, काहींचे बायकोने स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापलेत आणि तो प्रसंग संसाराने सहन केलाय. मास्क? कुणाच्याच तोंडाला नाही. उघड्यावर मास्क लावायची पद्धत इथे अजून पडलेली नाही. त्याऐवजी आहे अंतर. दोन मीटर. गवतावर चुन्याच्या फुल्या मारल्यात, त्यांवर घडीच्या खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीत एक म्हातारा, अंगावर आल्यासारखा ओरडत गप्पा मारतोय. दोन महिन्यांनी भेटलेले मित्र असे एकमेकांवर खेकसतायत. हात मिळवायला पुढे आलेला तुमचा हात अर्ध्यात थांबतो, मग उगीच कान खाजवतो.

कँटीनच्या दाराला साखळी. काचेला नाक लावलंत तर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या दिसतील आणि फळ्यावर खडूने लिहिलेले मार्चमधले पदार्थ. स्वच्छतागृहाला कुलूप. आता कळलं?

खरं सांगू, या मैदानावर येणाऱ्या निम्म्या लोकांना उडायचं कमी आणि बसायचं जास्त असतं. एक चहा, एक बेकन घातलेला पाव, आणि दुसऱ्याच्या लँडिंगला नावं ठेवणं. कट्टा तो कट्टा, मग तो डेक्कनवर असो की डॉर्सेटमध्ये. सरकारने आभाळ खुलं केलं, कट्टा नाही केला. हजार फुटांवर तुम्ही कुठेही जाऊ शकता. जमिनीवर मित्राच्या बाजूला बसू शकत नाही.

चला, विमानाकडे. आच्छादन काढताना धूळ आणि मेलेले किडे अंगावर पडतात. इंजिनाच्या झाकणाच्या फटीतून गवताची काडी लोंबतेय. एकच काडी, पण तुमच्या पोटात गोळा येतो. झाकण उघडता तर आत टोपलीभर घरटं: काड्या, शेवाळ, मेंढीची लोकर, आणि निळ्या डिस्पोजेबल हातमोज्याचं एक बोट. स्टार्लिंगचं काम. आपल्या साळुंकीची ही चुलतबहीण अर्ध्या दिवसात इंजिन बुजवते. अंडी नाहीत, नशीब. असती तर सहाही भागीदार पिल्लं उडेपर्यंत वाट बघत बसले असते. मुठी-मुठीने काढा. बोटं सिलिंडरच्या मागेही घाला, तिथेही भरलेलं असतं.

पंखाखाली वाका. छोट्या पारदर्शक पेल्यात टाकीतलं पेट्रोल काढा: फिकट निळं, तळाला पाण्याचा थेंब नाही. हाताला गार लागतं आणि क्षणात उडून जातं. टायरमध्ये हवा कमी आहे. खरी काळजी आत आहे, दिसत नाही अशी. या लायकमिंग इंजिनाचा कॅमशाफ्ट वरच्या अंगाला असतो. विमान बसून राहिलं की तेल खाली निथळतं, वरचं पोलाद कोरडं पडतं आणि गंज धरतं. माणसांचंही टाळेबंदीत काहीसं तसंच झालं, पण माणसांना लॉगबुक नसतं.

कॉकपिटमध्ये शिरा. वॉरियरला दार एकच, उजवीकडे, पंखावरून. तापलेल्या प्लॅस्टिकचा, जुन्या कापडाचा आणि सॅनिटायझरचा वास. हँडल, थ्रॉटल, फ्लॅपचा दांडा, प्रत्येक बटण पुसा. पण काचेला तो फडका लावू नका. अल्कोहोलने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात, आणि मग उरलेले पाच भागीदार तुम्हाला विषाणूपेक्षा वाईट वागवतील.

किल्ली फिरवा. प्रॉपेलर कण्हतो, एक फेरी, दोन, थांबतो. बॅटरी कुरकुरतेय. खुर्च्यांमधल्या गप्पा बंद. पुन्हा. खोकला, निळा धूर, आणि मग सबंध विमान अंगाला सुटलेल्या खाजेसारखं थरथरायला लागतं. खुर्च्यांमधून टाळ्या. इथे दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात येऊन आरोग्यसेवकांसाठी टाळ्या आणि पातेली वाजवतात, आपल्या थाळ्यांसारखंच. टाळ्यांचा सराव चांगला आहे.

तुमच्या घरचं माणूस मात्र अजून गाडीतच बसलंय. एकाच घरातल्या माणसांना एकत्र उडायला महामारीच्या नियमांनी मोकळीक दिलीय, पण विमानाचा जुना नियम आड येतो: गेल्या ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग झालेली नसतील तर प्रवासी न्यायचा नाही. चिखल आणि टाळेबंदी मिळून तुमचे ९० दिवस केव्हाच उलटलेत. म्हणून आधी एकट्याने तीन फेऱ्या.

थ्रॉटल पुढे. गवत खडखडतं, जमीन इतकी वाळलीय की दात वाजतात. वेगाचा काटा चढतो, चाकं हलकी होतात, आणि टेकडीची कड पायाखालून निसटताच खाली एकदम खोल दरी. पोट मागेच राहिलं. हात घामेजले. काहीच विसरलो नाही असं वाटतं, आणि लँडिंगच्या वेळी कळतं की बरंच विसरलोय: पहिल्याला विमान बेडकासारखं उडी मारतं, पुन्हा टेकतं. खुर्च्यांमधून बोटं वर होतात. चार गुण. दुसऱ्याला सहा. तिसरं लोण्यासारखं होतं तेव्हा सगळ्यांची डोकी डब्यात.

आता घरच्या माणसाला घ्या. दोन महिने एका छताखाली काढून आता दोन हात रुंद डब्यात खांद्याला खांदा. तरी दोघंही हसताय.

दक्षिणेला निघा. मोहरीच्या भाऊबंदांची शेतं, हळद सांडल्यासारखी पिवळी. सर्न ॲबासचा तो खडूचा नागडा पुरुष, ५५ मीटर लांब, गवतात निवांत पडलेला. त्याला विलगीकरणाची सवय आहे. गाव दिसतं, रस्ता दिसतो, रस्त्यावर गाड्या मोजता येतात. चर्चच्या आवारात माणूस नाही. मग वेमथ, आणि समुद्र.

आणि समुद्रात इमारती उभ्या आहेत. डोळे चोळू नका. नांगरून ठेवलेली क्रूझ जहाजं आहेत ती, पांढरी, दहा-बारा मजली. जलतरण तलाव रिकामे, खुर्च्या रचून ठेवलेल्या. प्रवासी केव्हाच घरी गेले. उरलेत खलाशी. जगभर अशा जहाजांवर त्या दिवसांत गोव्याचे, कोकणातले हजारो लोक अडकून पडले होते, घरी न्यायला विमान नाही म्हणून. मागच्या डेकवर एक ठिपका हलतोय. हात हलवतोय का? पाचशे फुटांच्या आत जायची बंदी आहे. तुम्ही पंख हलवता, डावा, उजवा. शेजारचं माणूस गप्प आहे.

लुलवर्थची रणगाड्यांच्या गोळाबाराची हद्द चुकवून बोर्नमथकडे वळा. एरवी इथल्या नियंत्रकाकडे वाट मागायची तर ताटकळावं लागतं, आज तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत परवानगी, वर “कुठून आलात, कसं काय?” माणूस कंटाळलाय बिचारा. खाली विमानतळावर ब्रिटिश एअरवेजची विमानं शेपटाला नाक लावून, रांगेने, इंजिनांची तोंडं बांधून उभी. अवघ्या आभाळात आत्ता उडतंय काय, तर सहा जणांचं एक जुनं वॉरियर.

परत येताना दुपार तापलीय, टेकडीच्या कडेला वारा खाली ओढतो, थ्रॉटल जरा जास्त ठेवा. टेकलं. इंजिन बंद केल्यावर प्रॉपेलर टकटक करत थांबतो आणि कानात शिट्टी उरते. मग हळूहळू त्या शिट्टीतून चंडोल ऐकू यायला लागतो, कुठेतरी वर, दिसत नाही.

कँटीनबाहेरच्या टेबलावर नोंदवही आहे. उतरल्याची वेळ लिहायची. खिसे चाचपता. पेन? विमानात नाही, गाडीत नाही. सांगितलं होतं तुम्हाला.

“पेन नाही का?” चुन्याच्या फुलीवरून मैदानाचा रेडिओ सांभाळणारे आजोबा ओरडतात. देता येत नाही, पण राहवतही नाही. ते खिशातलं पेन काढतात, फडक्याने पुसतात आणि दोन मीटरवरून तुमच्याकडे फेकतात. तुम्ही झेल सोडता. पेन गवतात पडतं, बरोबर तुमच्या आणि त्यांच्या मध्ये. दोघंही पुढे वाकता, दोघंही थबकता, दोघंही मागे सरकता. आता ते कुणी उचलायचं, याबद्दल नियमावलीत काही नाही.

“राहू द्या तिथेच,” आजोबा म्हणतात, “मी वेळ लक्षात ठेवलीय.”