स्क्विश आणि स्क्वॉश

पिकलेलं केळं मुठीत दाबलं की गर बोटांच्या फटींतून बाहेर येतो. इंग्रजी बोलणारे या क्रियेला घरगुती भाषेत ‘स्क्विश’ म्हणतात. अट एवढीच, की वस्तू मऊ हवी. ओलसर असेल तर उत्तमच. दगड किंवा काच स्क्विश होत नाही. टोमॅटो होतो, चिखल होतो आणि भरलेल्या गाडीत दाटीवाटीनं बसणारी माणसंही होतात!

सतराव्या शतकापासून वापरात असलेला हा शब्द म्हणजे ‘स्क्वॉश’चंच बदललेलं रूप. त्यातला ऱ्हस्व ‘इ’ आणि शेवटचा ‘श’ चिखलातल्या पावलाचा आवाज हुबेहूब पकडतात.

मूळ ‘स्क्वॉश’ जास्त भारदस्त. लॅटिन ‘क्वासारे’ म्हणजे जोरानं हलवणं, फोडणं. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. म्हणूनच बंड किंवा अफवा स्क्वॉश करतात, स्क्विश नव्हे. आपल्या ओळखीचं लेमन स्क्वॉश याच कुळातलं. भिंतीवर आपटताना दबणाऱ्या मऊ रबरी चेंडूवरून खेळालाही हेच नाव मिळालं.

भोपळावर्गातल्या ‘स्क्वॉश’चा मात्र या कुळाशी संबंध नाही. अमेरिकेतल्या नॅरागॅन्सेट लोकांच्या ‘अस्कुटास्क्वॉश’ या शब्दाचं ते आखूड रूप असून, रॉजर विल्यम्स यांनी १६४३ च्या पुस्तकात त्याची नोंद केली आहे.